गाडीची सोंड

आमच्या घरमालकांवर आयुष्यात एकदाच फीत कापायची वेळ आली, आणि त्यांनी ती कापली नाही.

पुलगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची नवी चक्की सुरू होणार होती. गल्लीतला वडीलधारा माणूस म्हणून उद्घाटनाला त्यांना बोलावलं. ताटात हळदकुंकू, नारळ, नवी कोरी कात्री. त्यांनी कात्री उचलली, धार बघितली, परत ताटात ठेवली आणि खांबाशी उकिडवे बसून फितीची गाठ सोडायला लागले. चक्कीवाल्याने गाठ चांगली आवळून मारली होती. पाच मिनिटं सगळी गल्ली त्यांच्या पाठीकडे बघत उभी. शेवटी गाठ सुटली. फीत चार बोटांवर गुंडाळून त्यांनी खिशात टाकली आणि म्हणाले, "कापलं ते जुळत नाई. गुंडाळलेलं कवाही उलगडता येते." हेच त्यांचं उद्घाटनाचं भाषण. चक्कीवाला बिचारा नारळ हातात घेऊन तसाच उभा होता.

मी त्यांना काकाजी म्हणत असे. मी तेव्हा पुलगावच्या तार ऑफिसात नोकरीला होते. दिवसभर लोकांच्या तारांचे शब्द मोजायचे. त्या सवयीमुळे असेल, पण हे दोन वाक्यांचं भाषण मला फार आवडलं होतं. तसे काकाजी मला सुरुवातीला मुळीच आवडले नव्हते. खोटं कशाला बोलू?

आणीबाणी उठली त्या सालात मी त्यांच्याकडे खोली मागायला गेले. भाडं सांगायच्या आधी त्यांनी अट सांगितली. खिडक्या लावायच्या नाहीत. मला वाटलं, पावसाळ्यापुरतं सांगत असतील. पण जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, मी गुपचूप खिडकी लावून झोपले, तर सकाळी दारात हजर. हातात हातभर सूत. ते सूत दोन बोटांत धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले. सूत जागचं हललं नाही. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू मी कोणाचा तरी गळाच दाबला होता.

त्यांची सगळी नोकरी पुलगावच्या कापडगिरणीत हवेचं काम करण्यात गेली होती. हवेचं काम म्हणजे काय, हे मलाही आधी माहीत नव्हतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. विदर्भाचा उन्हाळा तर हवा भाजून काढतो. म्हणून गिरणीत पाण्याचा फवारा मारून, पत्र्याच्या बोगद्यांतून ओली, थंड हवा मागांपर्यंत न्यायची. तीस वर्षं काकाजींनी हेच केलं. तुटलेल्या सुताला गाठ मारावी लागते आणि गाठ कापडात दिसते, म्हणून माणसाने मुळात काही तुटूच देऊ नये, कापूच नये, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पायजमा लांब झाला तर आत दुमडायचा. दोरी लांब झाली तर गुंडाळायची. आंबासुद्धा चिरायचा नाही, चोखूनच खायचा.

निवृत्त झाल्यावर गिरणी सुटली, पण हवा सुटली नाही. कोणाकडे सांत्वनाला गेले की आधी खिडकी उघडायची, मग बसायचं. लग्नात मांडवाची कनात सोडून दुसऱ्या बाजूला बांधायची. एखादा माणूस त्यांना आवडला नाही की म्हणायचे, "कोंडलेला आहे थो." काकू म्हणायच्या, लग्न झालं तेव्हा यांनी आधी माझ्या घुंगटात हवा खेळते का ते बघितलं, तोंड नंतर. ही गोष्ट काकू दरवेळी सांगायच्या आणि दरवेळी काकाजी लाजायचे.

माझी आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. बाबा हिंगणीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ताठ, कडक, शब्दाला शब्द. उभ्या नोकरीत कोणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. सरपंचाचा पोरगा नापास केला म्हणून गावाने बोलणं टाकलं, तरी निकाल बदलला नाही. आता वर्ग नव्हता, पोरं नव्हती. मग घरमालक सापडले. दोघांच्या खुर्च्या अंगणातल्या निंबाखाली आणि वाद सकाळ-संध्याकाळ. बाबा त्यांना 'मिस्त्री' म्हणायचे, ते बाबांना 'मास्तर'. काकाजी काही बोलले की बाबांचं एकच, "सिद्ध करा."

काकाजींकडे एक जुनी गाडी होती. एका डॉक्टरकडून तिसऱ्या की चौथ्या हाताने आलेली, दुधी रंगाची. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची काही चूक नव्हती. म्हातारी झाली होती, एवढंच. थंडीत गुमान चालायची, पण उन्हाळा लागला की वर्ध्याच्या रस्त्यावर देवळीच्या पुढे जो चढ लागतो तिथे हमखास धापा टाकायची आणि बंद पडायची. मेकॅनिक कधी पेट्रोलचा पंप म्हणायचा, कधी कार्बोरेटर. काकाजींचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, "बॉनेटच्या खाली भट्टी आहे. थ्या भट्टीतली हवा गाडी घेऊन राह्यली. तुमाले चुलीत तोंड घालून चढ चढायले लावलं, त चढसान काय?"

गाडीला बाहेरची, थंड हवा मिळाली पाहिजे. झालं, हे एकदा मनात आलं आणि महिनाभर अंगणात ठोकाठोक. गोडेतेलाचा मोठा पत्र्याचा डबा आणून त्याचं तोंड पसरट केलं आणि तो पुढच्या बंपरला बांधला. डब्यात वाळ्याची ताटी. ही ताटी त्यांनी घरच्या कूलरमधून काढली, भर एप्रिलात. काकूंनी तीन दिवस बोलणं टाकलं. ताटी ओली राहावी म्हणून वरती सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगली, कंपाउंडरकडून मागून आणलेली. तिच्यातून थेंब थेंब पाणी वाळ्यावर. डब्याच्या मागच्या बाजूने कॅनव्हासची जाड नळी निघाली, ती जाळीतून आत जाऊन थेट इंजिनच्या हवा घेण्याच्या तोंडावर. पाणी इंजिनात जाणार नाही का, असं बाबांनी विचारलं. काकाजींनी नळीला मधे पोट काढलं होतं, पाणी तिथे थांबून छिद्रातून गळून जायचं. ते त्यांनी बाबांना वाकवून दाखवलं. बाबांनी छिद्रात बोट घालून बघितलं आणि ते चिडले.

नळी गिरणीच्या भंगारातून आणलेली, आठ हात लांब. लागत होती दीड हात. दुसऱ्या कोणीही कापली असती. काकाजींनी उरलेल्या नळीचं वेटोळं केलं आणि बंपरला सुतळीने बांधलं. आता ती गाडी गल्लीतून निघाली की पोरं मागे धावायची. हवा आत जाताना 'हूंऽऽ' असा आवाज यायचा. बाबांनी तिचं नाव ठेवलं 'सोंड'. आणि पुढे सगळं पुलगाव सोंड म्हणायला लागलं. मला तर ऑफिसात लोक विचारायचे, बाई, आज हत्ती कुठं गेला?

मी एकदा वैतागून म्हटलंच, "काकाजी, निदान ते वेटोळं तरी कापा हो. किती वाईट दिसतं."

"काऊन? खाऊन राह्यलं काय थे तुले?"

दोनदा गाडी वर्ध्याला जाऊन आली आणि दोन्हीदा चढ चढली. काकाजी पेढे घेऊन आले. बाबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, निघालात किती वाजता? सकाळी सहाला. "मग सोंडेने नाही चढली. सकाळ होती म्हणून चढली. मे महिन्यात दुपारी बाराला चढवून दाखवा. मग मानतो." काकाजींचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, दाखवतो. काकूंनी मात्र बजावलं की दुपारी बाराला घराबाहेर पडाल तर दार लावून घेईन.

वैशाखाचं ऊन म्हणजे आमच्याकडे चेष्टा नाही. दहा वाजल्यानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. निघालंच पाहिजे तर डोक्याला, कानांना दुपट्टा आणि खिशात कांदा. कांदा खिशात असला की ऊन लागत नाही, असं सगळे म्हणतात. काकाजी रोज सकाळी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा टाकायचे आणि बाबा तो रोज काढून आमच्या ओट्यावर ठेवायचे. "मिस्त्री, मी विज्ञान शिकवलंय," म्हणायचे. त्या कांद्यांची मी भाजी करायची.

त्या दिवशी बाबा न सांगता वाचनालयात गेले. बिनकांद्याचे, बिनदुपट्ट्याचे. वाचनालय बाराला बंद व्हायचं. तिथून पायी परत आले, फाटकाला धरून उभे राहिले आणि खाली बसले. काकूंनी हाक मारली तर ओळखेनात. कातडी तापलेल्या तव्यासारखी, आणि घामाचा टिपूस नाही. मला ऑफिसात निरोप आला तेव्हा मी एका माणसाच्या तारेचे शब्द मोजत होते. ती तार तशीच टाकून मी धावले.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं, पाणी मारलं आणि सरळ सांगितलं, ऊन लागलंय, डोक्यात चढलंय, माझ्या हातात नाही, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. वाटेत अंग गार ठेवा, नाही तर पोचेपर्यंत... रेल्वे स्टेशनातून केव्हाच निघून गेली होती, पुढची संध्याकाळी. जीप कोणाची जागेवर नव्हती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. एकच गोष्ट मनात येत होती, की आता माझं कोणी राहणार नाही.

मागून 'हूंऽऽ' असा आवाज आला. काकाजींनी गाडी फाटकाशी लावली होती.

बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. अंगावर ओली चादर, पायाशी पाण्याची सुरई. काकूंनी दार लावून घ्यायचं सोडा, स्वतः पळत जाऊन सलाइनची बाटली भरून दिली. घड्याळात एक वाजायला आला होता.

खिडक्या उघड्या ठेवल्या तर झळा तोंडावर येत. लावल्या तर जीव घुसमटे. चादर पाच मिनिटांत वाळायची. सुरई देवळीच्या आधीच संपली. आणि बाबा बोलायला लागले. हजेरी घेत होते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं, एकामागून एक, आणि मधे थांबायचे, उत्तराची वाट बघायचे. कोणी 'हजर' म्हणत नव्हतं. मला रडू फुटलं. पुढून काकाजी गाडी चालवता चालवता म्हणाले, "हजर." बाबा पुढचं नाव घ्यायचे, काकाजी पुन्हा "हजर." देवळीपर्यंत सगळा वर्ग एकट्या काकाजींनी भरला.

मग बाबांचा आवाजच बंद झाला. मी हाक मारली. श्वास होता, पण लहान लहान, कुत्र्यासारखा भरभर.

रस्त्याच्या कडेला पाणपोई होती. काकाजींनी तिथे गाडी उभी केली. मला म्हणाले, चादर भिजव, सुरई भर. मी रांजणात चादर बुडवून आणली तेव्हा ते बॉनेट उघडून वाकलेले होते. मला वाटलं, मेली ती गाडी आत्ताच बंद पडली. जाऊन बघते तर ते नळी सोडत होते. इंजिनवरची तापलेली पट्टी फडक्याने धरून त्यांनी नळीचं तोंड उपसून काढलं. मग बंपरवरची सुतळी. तीही तोडली नाही, गाठ सोडली. माणसाचा जीव चाललाय आणि हा माणूस गाठ सोडतोय! पण बोटं अशी झरझर चालली की माझं ओरडणं तोंडातच राहिलं. वेटोळं उलगडलं. आठ हात नळी बॉनेटच्या बाजूने, पुढच्या खिडकीतून, सीटवरून थेट मागे. तिचं तोंड त्यांनी बाबांच्या छातीशी आणून ठेवलं. डब्यावर तांब्याने पाणी ओतलं, बाटली भरली, बाकीच्या काचा वर केल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "काकाजी, इंजिनला हवा? चढ तर पुढेच आहे."

"गाडी बंद पडली त धक्का मारता येते," ते म्हणाले. "मास्तरले कुठून धक्का मारसान?"

गाडी सुरू झाली, वेग आला, आणि नळीतून हवा यायला लागली. ओली, गार, वाळ्याच्या वासाची. मी ती नळी दोन्ही हातांनी धरली. गळ्यावर, काखेत, कपाळावर फिरवली. ओल्या चादरीवरून ती हवा गेली की माझे हात शहारायचे, इतकी गार. तीस वर्षं सुतासाठी केलेलं काम ते बाबांसाठी करत होते.

चढ आला. काकाजी पुढे वाकून स्टिअरिंगला छाती लावून बसले. तोंडाने पुटपुटत होते, देवाचं नाव घेत होते की गाडीचं, कळलं नाही. अर्ध्या चढावर गाडीने एकदा आचका दिला. दुसरा आचका. आणि मग, काय सांगू, ती म्हातारी गाडी कुरकुरत, घरघरत, पण न थांबता वर पोचली. भर दुपारी. सोंड नसताना.

चढ संपल्यावर मला आरशात काकाजींचा चेहरा दिसला. आनंदाचा म्हणावा तर तसा नव्हता. महिनाभराची ठोकाठोक, काकूंचा अबोला, पेढे, सगळं त्या चढावर खोटं ठरलं होतं, आणि ते एकट्या त्यांनाच टोचत होतं. मला तेव्हा त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. कारण बाबांनी डोळे उघडले होते.

दवाखान्यात त्यांना बर्फावर ठेवलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, वाटेत अंग गार ठेवलंत म्हणून हाताशी लागले. संध्याकाळी बाबांनी मला नावाने हाक मारली आणि पाणी मागितलं. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले आणि मोठ्याने रडले. किती मोकळं वाटलं ते आजही सांगता येत नाही. काकाजी बाकावर बसून नळी गुंडाळत होते. मी शांत झाले तेव्हा म्हणाले, "बाई, एक काम करजो. गाडी नळीबिगर चढली, हे मास्तरले नोको सांगू."

मी म्हटलं, नाही सांगणार. त्या दिवशी त्यांनी माझं घर मागितलं असतं तरी दिलं असतं, हे तर काहीच नव्हतं.

बाबांचे कपडे माझ्याकडे दिले होते. सदऱ्याच्या खिशात, जिथे काकाजी कांदा टाकायचे तिथे, एक चिठ्ठी होती. बाबांचं सुवाच्य अक्षर. वाचनालयातल्या कुठल्याशा पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून उतरवून घेतलेलं. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू अधिक मावतो, त्यामुळे ज्वलन चांगलं होतं. खाली बाबांनी स्वतःचा शेरा लिहिला होता: 'मिस्त्रींचं तत्त्व बरोबर. सांगणे.' हे सांगण्यासाठी म्हातारा भर उन्हात पायी निघाला होता. संध्याकाळपर्यंत थांबवलं नाही त्याच्याने.

आठ दिवसांनी बाबा घरी आले. निंबाखाली खुर्च्या मांडल्या. काकाजी येऊन बसले. बाबांनी घसा साफ केला आणि निकाल वाचून दाखवावा तसं म्हणाले, "मिस्त्री, मे महिना, दुपार, देवळीचा चढ. गाडी चढली. सोंडेनेच चढली. मी मानतो."

काकाजी माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून. मग ते इतके खूश झाले की उठून थेट चक्कीवाल्याला सांगायला गेले. पुढे ती नळी त्यांनी इंजिनला कधीच लावली नाही. ती कायम मागच्या सीटवर गुंडाळलेली असायची, आणि उन्हाळ्यात गल्लीतली आजारी माणसं, बाळंतिणी त्याच गाडीने वर्ध्याला जायच्या. गाडी चढ चढायची, कधी बंद पडायची. मेकॅनिकचं म्हणणं, नळी बसवताना काकाजींनी सगळं खोलून साफ केलं, तेव्हा कचरा निघाला, म्हणून चढते. असेलही.

बाबा घरी आले त्या रात्री त्यांना औषध देताना मी म्हटलं, "चढलीच शेवटी सोंडेने. हरलात की नाही?"

बाबा माझ्याकडे, आपण कोणाला इतकी वर्षं शिकवलं असं बघायला लागले.

"नळी माझ्या छातीवर होती," ते म्हणाले, "म्हणजे इंजिनला नव्हती. एवढं गणित मला अजून येतं."

"मग?"

"मग काय? त्यांनी माझ्या अख्ख्या वर्गाची हजेरी दिली. मी एक मार्क वाढवला."

आणि कूस बदलायच्या आधी मला म्हणाले, खिडकी उघडी ठेव.